भाचीची साखर आणि मामाचा पाय

मास्तरांच्या गाडीत पुढे दोघं बसले की दोघांच्याही पायाशी ब्रेक असे आणि दोघांच्याही पायाशी क्लच. शिकवणीची गाडी होती ती. शिकणाऱ्याने घोळ घातला तर शेजारी बसलेल्याने सावरून घ्यावं, एवढ्यासाठी ही जादा सोय. पण मास्तरांचा पाय घोळाची वाट बघत बसणाऱ्यांतला नव्हता. शिकणाऱ्याच्या मनात ब्रेक दाबायचं येईपर्यंत मास्तर दाबून मोकळे झालेले असत. निम्मं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलं होतं. त्यातल्या पुष्कळांना परवाना मिळाल्यावर, स्वतःच्या गाडीत पहिल्यांदा एकटं बसल्यावर कळलं, की आजवर आपण नुसतं चाक फिरवत होतो. पोरं मागून त्यांना दाबमास्तर म्हणत. ते मास्तरांच्या कानावर गेलं होतं. पण आपला गावात दाब आहे म्हणून म्हणत असतील, असा त्यांचा समज होता, आणि तो कुणी मोडला नव्हता.

अशा माणसाच्या हाताखाली भाची गाडी शिकायला आली.

भाचीला घरात भिंगरी म्हणत. एका जागी ठरणं तिला जन्मात जमलं नाही. विशी अजून लागायची होती, आणि गेल्या वर्षी सारखी तहान, सारखा थकवा असं व्हायला लागलं म्हणून रक्त तपासलं, तर मधुमेह निघाला. तोही लहान मुलांना होतो तो नव्हे, चाळिशी-पन्नाशीत गाठतो तो. शेजारच्या काकू हळहळल्या, "अगं, हा तर म्हातारपणाचा रोग!" तर भिंगरी म्हणाली, "काकू, मी सगळंच लवकर करते. चाललेही लवकर, बोललेही लवकर. आता म्हातारपण उरकून घेते, म्हणजे पुढे तरुण व्हायला मोकळी."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, आणि तिच्या दंडावर कोटाच्या बटणाएवढी एक चकती चिकटवली. चकतीखाली केसासारखी बारीक तार कातडीच्या आत जाते आणि साखर किती आहे ते सतत फोनला कळवते. फोनवर एक रेघ दिसते. रेघ हिरव्या पट्ट्यात राहिली की बरं. वर गेली की फोन टिटवीसारखा ओरडतो. ही रेघ भिंगरीच्या फोनवर दिसे, तिच्या आईच्या फोनवर दिसे, आणि आईने हट्टाने मामाच्या फोनवरही बसवली होती. म्हणजे एका पोरीची साखर चढली की गावात तीन ठिकाणी टिटव्या ओरडत.

तिची आई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. ती गणवेशाच्या कारखान्यात शिवण तपासायला होती. दिवसभर बाह्या आणि खिसे डोळ्यांपुढून जात. वाकडी शिवण दिसली की तिथल्या तिथे उसवून परत पाठवायची, हे तिचं काम. भिंगरीच्या रेघेकडेही ती त्याच नजरेने बघे. रेघ जरा वळली की तिचा हात कात्रीकडे जाई.

भिंगरी फुलांच्या ठोक दुकानात होती. मागच्या थंड खोलीत उभं राहून देठ कापायचे, जुड्या बांधायच्या. दुकानाची व्हॅन चालवणारे आजोबा आता कामाला रामराम ठोकणार होते. मालकीणबाईंनी सांगितलं, "ते जायच्या आधी परवाना आणलास तर व्हॅन तुझी. नाहीतर बाहेरचा माणूस ठेवते." ते ऐकून भिंगरी त्या थंड खोलीतसुद्धा घामाघूम झाली. पहाटे फुलं भरून निघायचं, खिडकी उघडी टाकायची, गावभर फिरायचं! तिच्यासारखीला आणखी काय हवं होतं?

आईने अट घातली. "गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर? ते काही नाही. चालवताना तुझी रेघ हिरव्यात राहिली पाहिजे. राहिली तर परीक्षेला बस. नाही राहिली तर बांध फुलं."

"आणि बघणार कोण?"

"तुझा मामा. शेजारीच तर बसतो."

इथेच सगळं फसलं.

पहिल्याच दिवशी बाजाराच्या वळणावर मास्तरांच्या खिशात टिटवी ओरडली. मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी खिळली. मागचा टेंपोवाला आईबापांपासून सुरुवात करून पुढे कुठवर गेला देव जाणे.

"काय खाल्लंस?" मास्तर.

"एक अंडं आणि पाव. सकाळी."

"आणि?"

"आणि आता तुझ्या शिव्या."

"भिंगे, थट्टा नको. आकडा बघ हा! हवेने चढला होय?"

"मामा, आधी गाडी बाजूला घेऊ दे. तू ब्रेकवरचा पाय काढ."

"माझा पाय नाहीच ब्रेकवर," असं म्हणून मास्तरांनी खाली बघितलं आणि पाय काढला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गाडी निघाली की थोड्या वेळाने रेघ चढू लागे, टिटवी ओरडे, मास्तर दाबत, गाडी दचके, भिंगरी दचके, आणि रेघ आणखी वर जाई. मास्तरांची खात्री पटली की पोरगी चोरून गोड खाते. त्यांनी सीटखाली हात घालून बघितलं. डिकी उचकली. आणि एक दिवस दाराच्या कप्प्यात त्यांना चांदीचा कागद सापडला. चोळामोळा केलेला, वर चिकट. मास्तरांनी तो पुराव्यासारखा हातरुमालात बांधला आणि थेट बहिणीचं घर गाठलं.

ताईने चष्मा लावला, कागद उलगडला, हुंगला.

"गुंड्या," ती म्हणाली, कारण पन्नाशी उलटलेल्या मास्तरांना गुंड्या म्हणणारी तेवढी एकच जगात उरली होती, "ही खोकल्याची गोळी आहे. ज्येष्ठमधाची. आपल्यात ही तुझ्याशिवाय कोण चघळतं?"

मास्तरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. कागद तिथेच राहिला.

कागदावरून हसू झालं खरं, पण रेघ काही खाली आली नाही. ताई संध्याकाळी कारखान्यातून आली की फोन उघडून ती चढण बघे आणि ओठ आवळे. भिंगरीने सांगून बघितलं, ओरडून बघितलं, मग एक दिवस तिने सकाळचं खाणंच सोडलं. रिकाम्या पोटी गाडीत बसली. तरी टिटवी ओरडलीच.

"आता बोल," ती मामाला म्हणाली. "उपाशी आहे मी. पाण्याशिवाय काही नाही. आता कुठून आली साखर?"

मास्तरांनी नुसती मान हलवली. मोठ्या माणसाला पोराची चोरी पकडता आली नाही की तो जशी हलवतो तशी.

भिंगरीने गाडी लावली, किल्ली मामाच्या हातात दिली आणि पायी निघून गेली. त्या दिवशी तिने एकही थट्टा केली नाही, आणि घरात ते सगळ्यांना आकड्यापेक्षा जास्त लागलं. तरी ताईने रात्रीच्या जेवणाला विषय काढलाच. "परीक्षेचा अर्ज मागे घे. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी व्हॅनवर दुसरा असेल, आई."

"असू दे. तू तर असशील."

आई चिडून बोलली असती तर भांडता आलं असतं. आई घाबरून बोलत होती.

आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी मास्तरांची कंबर धरली. गाडीचं चाक उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले. त्यांना घरी नेऊन पालथं घातलं, आणि शिकवण्या सांभाळायला राहिल्या दुसऱ्या शिक्षिका, अँब्युलन्सबाई. या बाईंनी उमेदीची सगळी वर्षं अँब्युलन्स चालवली होती. जन्माची घाई त्यांनी तेव्हाच करून घेतली होती, आता त्यांच्याकडे घाई शिल्लक नव्हती. शेजारी बसून त्या हातावर हात ठेवत आणि सावकाश एवढंच म्हणत, "बघ बाई तुझं तू."

मास्तर पालथे पडून फोनकडे डोळे लावून होते. भिंगरीची वेळ झाली. टिटवी ओरडली नाही. त्यांनी फोन हलवून बघितला. रेघ आपली हिरव्यातून निवांत चालली होती, एखादी बाई बाजारातून पिशवी घेऊन परत यावी तशी. त्यांना राहवेना. त्यांनी अँब्युलन्सबाईंना फोन लावला.

"ती गाडीत बसलीय का?"

"बसलीय कसली, चालवतेय. टाकीजवळच्या चढावर आहोत."

"चढावर? पहिल्या गिअरवर घे म्हणावं! हाफ क्लच!"

"मास्तर, चढ केव्हाच संपला. ठेवा फोन, मला गारवा लागून डुलकी येतेय."

दुसऱ्याही दिवशी तसंच. बाईंनी पोरीचे खिसे रिकामे करून घेतले असणार, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं. कंबर जरा सरळ होताच ते पट्टा बांधून कामावर आले, भिंगरीला घेऊन निघाले, आणि बाजाराच्या वळणाच्या थोडं पुढे टिटवी ओरडली.

परत आल्यावर भिंगरीने फोन गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि अँब्युलन्सबाईंना हाक मारली. काल-परवाच्या रेघा दाखवल्या, मग आजची. बाईंनी डोळे बारीक करून तिन्ही बघितल्या.

"खाल्लं काय होतंस?"

"तिन्ही दिवस तेच. अंडं आणि पाव."

"आणि रस्ता?"

"तोच."

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मग त्यांच्या पायांकडे बघितलं. "मास्तर, राग मानू नका, पण या आजच्या रेघेवर तुमच्या बुटाचा ठसा आहे."

"म्हणजे? माझ्या पायाला काय साखर लागलीय?"

"ते डॉक्टरांना विचारा. मी फक्त गाडी चालवते."

मास्तरांनी राग मानला. भरपूर मानला. पण भिंगरी आईला घेऊन दवाखान्यात जायला निघाली तेव्हा, खोटं पाडायला म्हणून का होईना, तेही बरोबर गेले.

दवाखान्यातल्या नर्सने रेघा बघितल्या आणि तिला मुळीच नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "साखर काय फक्त तोंडातून येते? माणूस घाबरला की शरीराला वाटतं वाघ आला, आता पळायचंय. मग ते साठवणीतली साखर स्वतःच रक्तात सोडतं. सगळ्यांचं सारखं होत नाही, पण पुष्कळांचं होतं. चकतीवरचा आकडा थोडा मागून येतो, म्हणून चढताना दिसेपर्यंत दचकून झालेलं असतं."

"इथे वाघ कोण?" ताईने विचारलं.

भिंगरी भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत राहिली. ताईने हळूच भावाकडे मान वळवली.

नर्स पुढे म्हणाली, "अशी थोडा वेळ चढली आणि उतरली तर तेवढ्यावरून गाडी थांबवायचं कारण नाही. तिच्या गोळ्यांनी साखर एकदम तळाला जायची भीतीही फारशी नसते. पण उपाशी राहणं बंद, हं मुली. आणि गाडीत मामांचा फोन मुका करा."

"फोन मुका करता येईल," ताई म्हणाली. "मामाचं काय?"

त्या रात्री तिने बराच विचार केला असावा. सकाळी तिने कारखान्यात निरोप पाठवून उशिरा येण्याची सवलत घेतली आणि गाडीच्या मागच्या सीटवर येऊन बसली. "मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. आज रेघ हिरव्यात राहिली तर अर्ज तसाच राहू दे. नाही राहिली तर मी कुणाचं ऐकणार नाही, नर्सचंसुद्धा."

मास्तरांनी शपथ घेतली. "आज मी पाय हलवणार नाही. दगड समज."

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि दगडाने ब्रेक दाबला.

"मामा!"

"अगं, सायकल होती!"

"पलीकडच्या फुटपाथवर होती. उभी. कुलूप लावलेली."

मास्तर ओशाळले. त्यांनी पाय मागे ओढून घेतला. पुढच्या वळणावर तो आपोआप पुढे गेला. त्यांनी हाताने गुडघा धरून ठेवला, तरी टाच उचललीच. इतक्या वर्षांचा नोकर, तो आता मालकाचं ऐकेना. ताईने मागून फोनकडे बघितलं. रेघ अजून हिरव्यात होती, पण तोंड वर करून होती.

भिंगरीने इंडिकेटर दिला, आरशात बघितलं आणि गाडी हळूच कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"मामा, बूट काढ."

"कशाला?"

"काढ आणि मांडी घालून बस."

"गाडीत? अगं, ही शिकवणीची गाडी आहे, वर पाटी आहे माझ्या नावाची! लोक बघतील."

"गुंड्या," मागून आवाज आला, "घाल मांडी."

मास्तरांनी बूट काढले. कंबरेच्या पट्ट्यासकट, कुंथत, एक एक पाय वर घेतला आणि सीटवर मांडी घातली. भिंगरीने त्यांच्यावरून गाडीचा पट्टा ओढून लावला. आता खाली पेडलं होती आणि वर मास्तर होते, आणि मध्ये वीतभर हवा.

गाडी निघाली. चौकातल्या पानाच्या टपरीवरून कुणी तरी ओरडलं, "मास्तर, समाधी घेतली का?" मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांना वाटलं, मिटलेले बरे नाहीत, म्हणून उघडले. स्वतःच्या गाडीत नुसतं बसायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ. हाताचे तळवे ओले झाले. आपल्या दंडावर चकती असती तर आत्ता टिटवीचा घसा बसला असता, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याबरोबर ही पोर रोज इथे बसून काय सोसत होती तेही मनात आलं. ते खोकले. खिशातली गोळी काढली, पण तोंडात घातली नाही.

शाळेच्या भिंतीपाशी रस्ता अरुंद होता. मास्तर समोरच्या ट्रककडे बघत होते. तेवढ्यात गाडी मऊपणे हळू झाली, थांबली. का थांबली ते त्यांना कळेना. मग भिंतीवरून एक चेंडू आला, टप्पे खात रस्ता ओलांडून गेला, आणि त्याच्या मागे फाटकातून एक मूल धावलं.

"तुला कसं कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"चेंडू वर उडालेला दिसला भिंतीवरून. चेंडू आला की मागून पोर येतं."

मास्तरांना चेंडू दिसला नव्हता. त्यांचा पाय मोकळा असता, तरी तो आत्ता उशिरा पोहोचला असता. हे त्यांनी मोठ्याने सांगितलं नाही, पण गिळलंही नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "ताई, चालवते गं ही."

"ते मला दिसतंय," ताई म्हणाली. ती फोनकडे बघत नव्हती.

घरी येईपर्यंत रेघ हिरव्यातच राहिली होती. मास्तरांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. त्यांना दोघींनी धरून उतरवावं लागलं.

परीक्षेच्या दिवशी नियम असा की शेजारी परीक्षक बसणार आणि फोन बंद. मास्तर मैदानाबाहेरच्या बाकावर होते. हातात फोन, फोनवर काहीच नाही. रेघ जिथे तुटली होती तिथेच तुटलेली. त्यांना भिंगरी दिसत होती, पण लांबून, काचेआड, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नव्हतं. गाडी मागे घ्यायला लावली. घेतली. चढावर थांबवायला लावली. थांबवली. एकदा इंजिन बंद पडलं. मास्तर उभे राहिले. इंजिन परत सुरू झालं. मास्तर बसले.

मग परीक्षक उतरला, कागदावर काही लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. भिंगरी धावतच आली.

"झाले! पास झाले! इंजिन बंद पडलं ना, तर तो म्हणाला घाबरू नका, आणि मी म्हटलं घाबरत नाहीये, आणि मी इतकी घाबरले होते मामा, की मला माझं नाव आठवेना!"

बोलता बोलता तिने फोन सुरू केला. तुटलेली रेघ सांधली गेली, आणि सरळ हिरव्याच्या बाहेर, वर. तिने ती बघितली आणि तिचा चेहरा उतरला. तिकडे कारखान्यात टिटवी ओरडली असणारच, कारण लगेच मास्तरांचा फोन वाजला. मागे शिलाईयंत्रांचा गदारोळ.

"गुंड्या, दोनशेच्या वर गेलीय! काय झालं? आपटली का कुठे?"

"नाही गं. पास झाली."

नुसती यंत्रं ऐकू येत राहिली.

"ताई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय रे." तिने नाक ओढलं. "मग चढू दे की! परीक्षेला नाही चढायची तर कधी? तिला पाणी पाज आणि चालायला सांग. उतरेल."

भिंगरीला सांगायची गरज पडली नाही. तिने अर्धी बाटली रिकामी केली होती आणि मैदानाच्या कुंपणाकडेने भराभर निघालीसुद्धा होती. मास्तर तिच्या मागे दहा-बारा पावलं गेले, कंबरेने नको म्हटलं, परत बाकावर आले. फोन अजून चालूच होता.

"वळलीय बघ रेघ खाली," ते म्हणाले. "सांगू का आकडा?"

"आकडा नको. ती काय करतेय?"

"चालतेय. हातवारे करतेय. बहुतेक मालकीणबाईंना फोन लावलाय."

"लांब गेली का?"

मास्तरांनी बघितलं. भिंगरी मैदानाच्या पार त्या टोकाला पोहोचली होती आणि वळायचं काही लक्षण नव्हतं.

"गेली थोडी लांब," ते म्हणाले.

"जाऊ दे," ताई म्हणाली, आणि तिने शिवणीकडे लक्ष द्यायचंय म्हणून फोन ठेवला.